डावीकडे अमेरिका, उजवीकडे मेक्सिको

फर्मिना ओरोपेसाकडे पासपोर्ट दोन होते आणि दोन्ही ती छातीशी ठेवायची. डाव्या बाजूला निळा, अमेरिकेचा. उजव्या बाजूला हिरवा, मेक्सिकोचा. पर्स चोर मारतात, बॅग विमानवाले हरवतात आणि नवरा तर आपला आपणच हरवतो. पण इथे हात घालायची कुणाची टाप आहे, असं ती म्हणायची. तिचा नवरा खरंच हरवला होता, डॅलसच्या एका पार्लरवालीपायी, पण ते सोडा.

दोन पासपोर्टांचा नियम शेंबड्या पोराला कळेल इतका सोपा. मेक्सिकोत शिरताना हिरवा काढायचा, अमेरिकेत शिरताना निळा. तिच्या सान रोकेचं निम्मं गाव शिकागोत राहतं आणि वर्षातून एकदा जत्रेला येतं, त्यांना हे काय नवीन नाही. यात चुकायचं तर माणसाला मुद्दाम गाढव व्हावं लागतं. फर्मिना गाढव नव्हती. पण त्याच विमानात चोले सामुदिओ होती, त्याला ती तरी काय करणार?

ही चोले म्हणजे फर्मिनाची बालमैत्रीण, आणि बालपणापासूनची डोकेदुखी. तिला अमेरिकेचं नागरिकत्व आधी मिळालं होतं आणि तेव्हापासून बारसं असो की मयत, बाईचं प्रत्येक वाक्य "आम्हा सिटिझन लोकांना" इथून सुरू व्हायचं. फर्मिनाचा निळा पासपोर्ट गेल्या हिवाळ्यातला, अजून करकरीत. ग्वादालाहाराच्या विमानतळावर दोन रांगा होत्या. चोले उंच टाचा वाजवत परदेशी लोकांच्या रांगेत शिरली आणि मागे वळून, चार माणसांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "फर्मिना, तुझी रांग ती तिकडची गं!"

झालं. फर्मिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ब्लाउजमध्ये हात घातला तो डावीकडे.

खिडकीत एक कोवळा अधिकारी बसला होता, च्युइंगगम चघळत. त्याने निळा पासपोर्ट बघितला, मग फर्मिनाकडे बघितलं.

"जन्म मेक्सिको लिहिलंय, बाई. इकडचा पासपोर्ट नाही का?"

"नाही," फर्मिना ठणकावून म्हणाली. उजवीकडे हिरव्याचा कोपरा टोचत होता.

"कशासाठी आलात?"

"पर्यटन."

"काय बघणार?"

"बहीण."

पोराने शिक्का मारला आणि पासपोर्ट परत देता देता म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. ज्या पासपोर्टवर आलात त्याच्यावरच जा. नाहीतर आमच्या कॉम्प्युटरला एक अमेरिकन बाई आत आलेली दिसेल, बाहेर गेलेली दिसायचीच नाही. मग तिला शोधत बसा आम्ही."

"सापडली तर मला पण कळवा," असं म्हणून फर्मिना चोलेच्या नाकासमोरून निघून गेली.

आता ती आली होती कशाला, तर आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला. आई गेल्या वसंतात गेली, तेव्हा फर्मिनाला यायला जमलं नव्हतं. कागद व्हायचे होते, असं गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि कागद म्हटलं की सान रोकेत कुणी पुढे विचारत नाही. पण या खेपेला तिला फार दिवस थांबायचं नव्हतं. शिकागोत तिची एकुलती एक लेक येसेनिया पोटुशी होती. दोनदा त्या पोरीची कूस अर्ध्यातच रिकामी झाली होती आणि आता तिसऱ्यांदा, पस्तिशी उलटल्यावर, पूर्ण दिवस भरत आले होते. "आई, तू हात धरल्याशिवाय मी आत जायचीच नाही," असं तिने बजावलं होतं. फर्मिनाने आईच्या आत्म्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, येते म्हणजे येते.

घरी होती क्लेओतिल्दे, फर्मिनाची थोरली बहीण. क्लेओने लग्न केलं नाही. आईला सांभाळलं, कोंबड्या सांभाळल्या, दोन डुकरं सांभाळली आणि देव्हाऱ्यातले संत गडीमाणसांसारखे राबवले. पाऊस संत इसिद्रोने पाडायचा, घशाचं दुखणं संत ब्लासने बघायचं, आणि कामचुकारपणा केला की मेणबत्ती बंद. अमेरिकेला एकदा जाऊन येण्यासाठी तिने तीनदा व्हिसा मागितला होता. नवरा नाही, पोरं नाहीत, मग परत कशाला येशील, असं खिडकीतल्या माणसाने विचारलं. "कोंबड्या आहेत माझ्या," क्लेओ म्हणाली. तिन्ही वेळा हेच म्हणाली. तिन्ही वेळा नाही मिळाला.

प्रार्थना झाली, जत्रा झाली, बकऱ्याच्या मटणाचा बिर्रिया आठवडाभर पुरला. बुधवारी विमान होतं. मंगळवारी फर्मिनाने दोन्ही पासपोर्ट काढून पलंगावर ठेवले आणि आंघोळीला गेली. गाणं म्हणत आंघोळ केली, गाणं म्हणतच बाहेर आली. पलंगावर हिरवा होता. निळा नव्हता.

मग जे काय झालं ते विचारू नका. गादी उलटी केली, पलंग उलटा केला, खुराड्यातली अंडी हलवून बघितली. फर्मिनाने डुकरांच्या कुंडीत कोपरापर्यंत हात घातला. चोले धावत आली, तोंड सुतकी आणि डोळे दिवाळीचे.

"अगं बाई, मी तर माझा कमरेच्या पट्ट्यातून काढतच नाही. आम्हा सिटिझन लोकांना..."

"चोले, आत्ता नको. मी खून करीन."

"शोधायचं काम आपलं नाही, त्याचं आहे," क्लेओ म्हणाली आणि देव्हाऱ्यातल्या संत अँतोनिओला तिने मानेला धरून खाली उतरवलं.

हरवलेली वस्तू शोधून देणं हे त्याचं खातं. आणि सान रोकेत संत अँतोनिओला हात जोडत नाहीत, त्याला उलटा करतात. वस्तू सापडेपर्यंत पाय वर, डोकं खाली. शिवाय त्याच्या कडेवर बाळ येशू असतो, खुंटीला बसवलेला. तो काढून घ्यायचा आणि सांगायचं, वस्तू दे, पोर घे. क्लेओने संताला डोकं खाली करून मक्याच्या डब्यात खुपसलं. बाळ एप्रनच्या खिशात टाकलं. "आता बस बोंबलत," ती संताला म्हणाली, पण आवाज नेहमीसारखा कडक नव्हता.

बुधवारी विमान गेलं. चोले गेली, तिने गावातून बांधून घेतलेलं चीज गेलं, फर्मिना राहिली.

ती तणतणत नगरपालिकेत गेली. तिथे अबुंदिओ नावाचा कारकून होता, गावातला एकुलता एक प्रिंटर याच्या ताब्यात, त्यामुळे माणूस जमिनीवर पाय ठेवत नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "फर्मिनाबाई, तुमची केस नाजूक आहे. सरकारदरबारी बघायला गेलं तर मेक्सिकन फर्मिना ओरोपेसा शिकागोला आहे. ती इकडे आलेलीच नाही."

"मग तुझ्यासमोर कोण उभंय?"

"अमेरिकन फर्मिना. पर्यटक. मुदतीत गेली नाही तर दंड."

"अरे पण तिचाच तर पासपोर्ट हरवलाय!"

"म्हणजे जिचा पासपोर्ट आहे ती आलेली नाही, आणि जी आलीये तिचा पासपोर्ट नाही." अबुंदिओला हे वाक्य इतकं आवडलं की त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं.

"मेल्या, मग मी कोण?"

"तो प्रश्न या खिडकीवर येत नाही, बाई."

निळा पासपोर्ट नवा काढायचा तर ग्वादालाहाराची अमेरिकन वकिलात. फोन लावला तर पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. येसेनियाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे." फर्मिनाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली. क्लेओ चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापत होती. तिने एक गरम भाकरी मीठ लावून फर्मिनाच्या हातात दिली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "येईल. मंगळवार काय, आलाच."

त्या संध्याकाळी फर्मिना मका काढायला डब्याकडे गेली तर डब्यात संत नाही. देव्हाऱ्यात बघते तर स्वारी सरळ उभी, डोक्याला चिकटलेले दाणेसुद्धा पुसलेले.

"क्लेओ, याला कुणी सोडला?"

"मांजराने पाडला असेल."

"आणि उचलून देव्हाऱ्यात ठेवला?"

"मला काय माहीत! संत आहे तो. त्याचं तो बघेल."

फर्मिनाने त्याला परत डब्यात खुपसला, या वेळी गळ्यापर्यंत. शुक्रवारी सकाळी उठून बघते तर पुन्हा देव्हाऱ्यात. पाय खाली, डोकं वर. कडेवर बाळ परत आलेलं. समोर नवी मेणबत्ती, आणि मेणबत्तीशेजारी छोट्या पेल्यात टकीला. जत्रेच्या बाटलीतली, चांगली टकीला, जी क्लेओ पाद्रीबाबांनासुद्धा मोजून द्यायची.

फर्मिना तिथेच उभी राहिली. सान रोकेत कुणी असा संत सोडत नाही. वस्तू सापडल्याशिवाय तर नाहीच नाही. फर्मिनाच्या आईने एका हरवलेल्या डुलासाठी त्याला वर्षभर उलटा ठेवला होता. आणि ज्याने काम केलं नाही त्याला वर टकीला पाजायची? माफी मागितल्यासारखी? पोलीस कैद्याला कधी असा सोडतात? खरा चोर दुसराच आहे हे कळतं तेव्हाच की. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ते बघवत नाही कुणाला, तर ज्याला चोर ठाऊक आहे त्याला.

आधी तिला हसू आलं. मग ते जिथल्या तिथे विझलं आणि अंगाचा नुसता संताप संताप झाला.

तिने टकीला स्वतः पिऊन टाकली, संताला पायाला धरून उचललं आणि मागच्या अंगणात निघाली.

क्लेओ कोंबड्यांना दाणे टाकत होती. "अगं, कुठे निघालीस त्याला घेऊन?"

"डुकरांकडे. मक्यात डोकं घालून अक्कल येत नाही, चिखलात घालून बघते."

"वेडी झालीस का! मंत्रून घेतलेली मूर्ती आहे. आईच्या लग्नातली आहे!"

"असू दे. कामाचा नाही."

"फर्मिना, ठेव त्याला खाली! त्याचा काय दोष आहे?"

"मग कुणाचा आहे?"

क्लेओने दाण्याचं सूप टाकून दिलं आणि संताचं मुंडकं धरलं. फर्मिनाकडे पाय होते. दोघी साठीच्या बहिणी, मध्ये बिचारा अँतोनिओ, कोंबड्या चहूकडे फडफडतायत आणि डुकरं कुंपणाशी येऊन उभी. "सोड, सटवे!" "तू सोड, भवाने!" ओढता ओढता फर्मिनाने एकदम हिसडा दिला आणि दोघी छातीवर छाती आपटल्या.

क्लेओच्या ब्लाउजमध्ये काहीतरी कडक लागलं. सपाट, चौकोनी, कोपरा बोथट.

दोन-दोन पासपोर्ट छातीला टोचून घेत फिरणाऱ्या बाईला तो कोपरा ओळखायला वेळ लागत नाही. फर्मिनाने संत सोडला. क्लेओ त्याला पोटाशी धरून मागच्या मागे दाण्यांत बसली.

"काढ."

"काय काढू?"

"क्लेओ. काढ."

क्लेओने हात घातला आणि निळा पासपोर्ट बाहेर काढला. घामाने ओला झाला होता, त्याला एक कोंबडीचं पीस चिकटलं होतं. तिने ते आधी पुसून काढलं आणि मग दिला.

"माझी पोर तिकडे एकटी आहे," फर्मिना म्हणाली. "दोनदा ती दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिला मी शब्द दिला होता. आणि तू, सख्खी बहीण तू, मला चोरासारखी... लाज नाही वाटली?"

"वाटली," क्लेओ म्हणाली. "रोज वाटली. मी घेतला तो नुसता बघायला घेतला होता. एवढं काय असतं त्यात, ते बघू म्हटलं. काही नाही, तुझं थोबाड आहे आणि कोरी पानं. परत ठेवणारच होते. तेवढ्यात तू गाणं म्हणत आलीस."

"मग?"

"जायचं म्हणून गात होतीस. मला नाही सहन झालं."

फर्मिना काहीतरी बोलणार होती, पण क्लेओ थांबली नाही. तिला आता थांबताच येईना.

"गावाला मीच सांगितलं, फर्मिनाचे कागद व्हायचे होते म्हणून तिला आईच्या मातीला येता आलं नाही. सगळ्यांना सांगितलं. पण मला माहीत आहे ना. यायला-जायला लागतं ते कार्ड तुझ्याकडे कधीचं होतं. त्या दिवशी तुझी तिकडच्या नागरिकत्वाची शपथ होती. इकडे मी आणि शेजारचे लोक आईला खाली सोडत होतो, आणि तिकडे तू हात वर करून उभी होतीस."

"तारीख चुकली असती तर..."

"माहीत आहे. म्हणून मी एक अक्षर बोलले नाही. मी म्हटलं, आई गेली, वाटण्या झाल्या. मला घर आलं, तुला हे पुस्तक आलं. पण फर्मिना, घरात कुणी बोलत नाही गं. मी भाकऱ्या दोघींच्या थापते आणि उरलेल्या डुकरांना घालते. मला ते एक पुस्तक देत नाहीत आणि तुझ्याकडे दोन-दोन. आईच्या बदल्यात आलेलं आहे, चार दिवस माझ्याकडे राहिलं तर काय बिघडलं, असं वाटलं. ते राहिलं तर तूही राहशील."

फर्मिना कुंपणाच्या दगडावर बसली, आणि तेवढ्यात आत फोन वाजला.

येसेनिया होती. आवाज घोगरा झाला होता. पहाटे कळा सुरू झाल्या होत्या, कुणाला काही कळायच्या आत सगळं उरकलं होतं. मुलगी झाली. "रडली गं आई ती! मोठ्याने रडली!" मग लहानपणी बोलायची तशी म्हणाली, "सगळा वेळ मी तुलाच हाका मारत होते. नर्स म्हणाली, आई कुठे आहे? मी म्हटलं, येतेय."

फर्मिना बाहेर आली तेव्हा क्लेओ अजून तिथेच दाण्यांत बसली होती, कोंबड्या तिच्या मांडीवरून टिपत होत्या.

"मुलगी झाली," फर्मिना म्हणाली.

"वेळ होता ना अजून?"

"नव्हता."

क्लेओने एप्रन तोंडावर घेतला. आतून तिचं रडणं येत राहिलं. "मला असं नको होतं. देवाशप्पथ, असं नको होतं मला."

"जाऊ दे. फिटलं आता," फर्मिना म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "आईच्या मातीला मी नव्हते, नातीच्या जन्माला मी नव्हते. हिशोब बरोबर झाला."

क्लेओने एप्रन खाली घेतला. नाक पुसलं. मग फर्मिनाकडे बघितलं, फर्मिना दहा वर्षांची असताना तिला झोडपायच्या आधी ती बघायची तसं.

"काही फिटलं नाही. आई तुझ्यासाठी थांबली नाही, तिला थांबता आलं नाही. ही तुझी नात थांबलीये. ऊठ. दुपारची बस आहे, विमान मिळेल ते घे. बसू नकोस इथे तोंड पाडून!"

तिने फर्मिनाला दंडाला धरून उभी केली, संत अँतोनिओ तिच्या काखेत दिला आणि स्वतः तरातरा आत गेली. फडताळं उघडल्याचा, कागद फाडल्याचा आवाज यायला लागला. चीज बांधत होती, मिरच्या बांधत होती, आईच्या पेटीतून बाळाची दुपटी ओढून काढत होती, आणि सगळा वेळ आतून ओरडत होती: बॅग रिकामी कर, ते जाडं स्वेटर इथेच ठेव, येसेनियाला मक्याची पेज, अटोले पाज दूध येण्यासाठी, पोरीला थंडीत बाहेर काढू नका.

फर्मिना दारापर्यंत आली. क्लेओ पाठमोरी उभी होती, दुपट्याची घडी घालत.

"आणि तिला कळायला लागलं ना, की सांग," क्लेओ म्हणाली. "म्हणावं, तुझी एक मावशीआजी आहे तिकडे. चोर आहे, पण वाईट नाही."